पुनःप्रक्षेपणाची रॉयल्टी : मागेल त्यालाच, तीही मुदतीत

दूरचित्रवाणीच्या एखाद्या केंद्राने हवेतून सोडलेला कार्यक्रम दुसऱ्याच कोणी आपल्या उंच अँटेनावर पकडावा आणि त्याच क्षणी, त्यात काहीही न बदलता, तारेवाटे आपल्या वर्गणीदारांच्या घरी पोहोचवावा, या व्यवहाराला पुनःप्रक्षेपण म्हणतात. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात गल्लोगल्ली आलेल्या केबलवाल्याचे निम्मे काम हेच होते. तो कार्यक्रम बनवत नाही, विकतही घेत नाही. तो फक्त पोहोचवतो आणि पोहोचवण्याची वर्गणी घेतो. या वर्गणीत ज्यांच्या कार्यक्रमामुळे ती मिळते त्यांचा वाटा किती, तो कोणी द्यायचा आणि कोणी कसा मागायचा, हा स्वामित्वहक्काच्या, म्हणजे कॉपीराइटच्या, कायद्यातील एक गुंतागुंतीचा विषय आहे.

गोव्यात ‘रॉयल्टी’ हा शब्द अलीकडे घरोघरी गेला तो लग्नाच्या हॉलमधील संगीतामुळे. विवाहसमारंभात वाजणाऱ्या गाण्यांसाठी रॉयल्टी मागता येणार नाही, अशा आशयाचे राज्य सरकारचे परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ मध्ये रद्द केले. त्या वादात गाणे वाजवणारा डोळ्यांसमोर असतो. कोणी काय वाजवले हे सांगता येते. पुनःप्रक्षेपणात तसे नाही. एका केंद्रावर दिवसाचे २४ तास चित्रपट, मालिका, सामने, बातम्या, भजने आणि जाहिराती चालतात. केबलचालकाला पुढच्या मंगळवारी दुपारी त्या केंद्रावर काय लागणार आहे याची कल्पनाही नसते. त्याने परवानगी मागायची तरी कोणाकोणाची?

उत्तर शोधण्याआधी हक्कांचे थर वेगळे करून घेतले पाहिजेत, कारण या विषयातील बहुतेक गोंधळ तेथेच होतो. पहिला थर संकेताचा. प्रक्षेपण करणाऱ्या केंद्राचा आपल्या लहरींवरचा हक्क तो हाच. दुसरा थर कार्यक्रमाचा. चित्रपट, मालिका किंवा सामन्याचे चित्रीकरण ज्याच्या मालकीचे, त्याचा हा हक्क. तिसरा थर कार्यक्रमाच्या पोटातील कृतींचा, म्हणजे पटकथा, गीत, संगीत आणि कलावंतांचे सादरीकरण यांचा. केबलचालकाने केंद्राशी करार केला म्हणून चित्रपटाच्या निर्मात्याचा हक्क संपत नाही आणि निर्मात्याला पैसे मिळाले म्हणजे गीतकाराला मिळालेच, असेही होत नाही.

बर्न येथील आंतरराष्ट्रीय कराराचे ११ बिस हे कलम यातील मूळ तत्त्व सांगते. मूळ केंद्राखेरीज अन्य संस्था प्रक्षेपण तारेवाटे लोकांपर्यंत नेत असेल, तर तो कृतीचा नवा वापर ठरतो आणि त्यावर लेखकाचा हक्क असतो. मात्र त्या हक्काच्या वापरासाठी अटी घालण्याची मुभा हेच कलम प्रत्येक देशाला देते. योग्य मोबदला मिळण्याचा अधिकार तेवढा काढून घेता येत नाही. या मुभेतून देशोदेशी वेगवेगळ्या पद्धती तयार झाल्या. त्यांतील सर्वांत तपशीलवार पद्धत अमेरिकेची आहे. तेथे हा हिशेब १९७८ पासून चालू आहे आणि त्याचे बहुतेक कागद सार्वजनिक आहेत, म्हणून ती सविस्तर पाहण्यासारखी आहे.

डोंगराआडची गावे आणि न्यायालयाचे दोन निकाल

अमेरिकेत केबलचा जन्म चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनिया आणि ऑरेगॉनमधील डोंगराळ गावांत झाला. शहरातील केंद्राच्या लहरी डोंगराआड पोहोचत नसत. कोणीतरी टेकडीवर अँटेना उभारून तेथून गावात तार ओढली. पश्चिम व्हर्जिनियातील क्लार्क्सबर्ग आणि फेअरमाँट या गावांत फोर्टनाइटली नावाची कंपनी हाच धंदा करत होती. पिट्सबर्ग, स्टुबेनव्हिल आणि व्हीलिंग येथील पाच केंद्रे ती आपल्या ग्राहकांना दाखवत असे. त्या केंद्रांवर ज्यांचे चित्रपट लागत होते त्या युनायटेड आर्टिस्ट्सने दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये निकाल दिला की केबलचालक ‘सादरीकरण’ करत नाही. तो प्रेक्षकाची ग्रहणशक्ती वाढवतो, एवढेच. म्हणजे घराच्या छपरावरचा अँटेना आणि टेकडीवरचा अँटेना यांत कायद्याच्या दृष्टीने फरक उरला नाही. १९७४ मध्ये टेलिप्रॉम्प्टर कंपनीच्या खटल्यात हाच नियम शेकडो मैलांवरून आणलेल्या केंद्रांनाही लागू झाला. निर्मात्यांच्या हाती काही राहिले नाही.

हा निकाल पुसण्याचे काम १९७६ च्या कायद्याने केले. त्याच्या १११ व्या कलमाने पुनःप्रक्षेपण हा स्वामित्वहक्काच्या कक्षेतील वापर ठरवला. पण त्याच कलमाने केबलचालकाला वैधानिक परवानाही देऊन टाकला. या परवान्याची सक्ती केबलचालकावर नसून मालकावर असते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मालक नाही म्हणू शकत नाही; तो फक्त पैसे मागू शकतो. निर्मात्यांना हा सौदा महागात पडला, असे म्हणणारे अमेरिकेत आजही आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण कायद्याने ठरवलेला दर बाजारात घासाघीस करून मिळालेल्या दराइतका असेलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

पैसा जमतो कसा

केबलचालक दर सहा महिन्यांनी कॉपीराइट कार्यालयाकडे विवरणपत्र आणि रक्कम भरतो. जानेवारी ते जून या सहामाहीची मुदत २९ ऑगस्टपर्यंत, जुलै ते डिसेंबरची १ मार्चपर्यंत. हिशेबाचा आधार म्हणजे स्थानिक वा दूरची केंद्रे ज्या मूळ सेवेत समाविष्ट आहेत तिच्या वर्गणीतून आलेली एकूण प्राप्ती. लहान चालकांना ठरावीक रक्कम किंवा सोपे सूत्र आहे. मोठ्यांसाठी प्रत्येक ‘दूरस्थ’ केंद्राला मूल्य दिलेले असते: स्वतंत्र केंद्राला १, राष्ट्रीय नेटवर्कशी जोडलेल्या किंवा बिगरव्यापारी शैक्षणिक केंद्राला पाव. २०१० च्या दुरुस्तीनंतरच्या दरांनुसार पहिल्या पूर्ण एककाला प्राप्तीच्या १.०६४ टक्के, दुसऱ्या ते चौथ्या एककाला ०.७०१ टक्के आणि त्यापुढे ०.३३० टक्के आकारले जातात.

समजा, एका चालकाची सहामाही प्राप्ती १० लाख डॉलर आहे आणि त्याने एक स्वतंत्र व एक नेटवर्कचे अशी दोन दूरची केंद्रे आणली आहेत. एकूण मूल्य सव्वा. पहिल्या एककाचे १०,६४० डॉलर, उरलेल्या पावाचे १,७५२ डॉलर ५० सेंट. मिळून १२,३९२ डॉलर ५० सेंट. काही जास्तीच्या केंद्रांसाठी ३.७५ टक्क्यांचा चढा दर वेगळा आहे. एकही दूरचे केंद्र न आणणाऱ्या मोठ्या चालकालाही किमान रक्कम भरावीच लागते.

हे किमान शुल्क पूर्वी गौण वाटे. आता तसे राहिले नाही. अटलांटाचे डब्ल्यूटीबीएस आणि शिकागोचे डब्ल्यूजीएन ही देशभर केबलवर दिसणारी ‘महाकेंद्रे’ होती. पहिल्याने १९९८ मध्ये आणि दुसऱ्याने २०१४ च्या अखेरीस हवेतील केंद्राचे रूप सोडून थेट केबल वाहिनीचे रूप घेतले. केबल वाहिनी करारानेच दाखवावी लागते. तिला १११ वे कलम लागू नाही. त्यामुळे डब्ल्यूजीएन हे ज्यांचे एकमेव दूरस्थ केंद्र होते असे चालक केवळ किमान शुल्क भरू लागले आणि त्या पैशावर कोणाचा किती हक्क, हा नवाच वाद उभा राहिला. २०१० च्या दशकाच्या आरंभी या निधीत दरवर्षी साधारण २० कोटी डॉलर जमत होते.

जमलेली रक्कम पडून राहत नाही. कार्यालयाचा खर्च वजा करून ती सरकारी रोख्यांत गुंतवली जाते.

जुलै महिना

आता मागणाऱ्याच्या बाजूने पाहू. हक्क कोणाला, हे कायदा तीन कसोट्यांनी ठरवतो. कार्यक्रम हवेतून प्रक्षेपित झालेला हवा. तो त्या केंद्राच्या स्थानिक क्षेत्राबाहेर नेला गेलेला हवा. आणि तो राष्ट्रीय नेटवर्कचा कार्यक्रम नसावा, कारण नेटवर्कने देशभर दाखवण्याचे पैसे मालकाला आधीच दिलेले असतात. मालक अमेरिकी असलाच पाहिजे, असे नाही. कॅनडातील निर्मात्यांचा तर स्वतंत्र गटच आहे.

या कसोट्यांना उतरणाऱ्या मालकाने एका वर्षाच्या पुनःप्रक्षेपणाचा दावा पुढच्या वर्षीच्या जुलै महिन्यात, १ ते ३१ तारखांच्या दरम्यान, कॉपीराइट रॉयल्टी बोर्डाकडे दाखल करावा लागतो. बोर्ड लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या छत्राखाली काम करते आणि त्यात तीन न्यायाधीश असतात. दावा आता बोर्डाच्या संगणकीय प्रणालीतून भरता येतो. त्यात काय लिहायचे? मालकाचे नाव, पत्ता आणि संपर्क. त्याच्या कृती कोणत्या प्रकारच्या आहेत याचे साधारण वर्णन. आणि निदान एका पुनःप्रक्षेपणाचे उदाहरण, म्हणजे कोणत्या केंद्रावरचा कोणता कार्यक्रम कोणत्या केबलचालकाने कधी दूरवर नेला. वर्षभरातील शंभर प्रक्षेपणांची यादी लागत नाही, एक पुरते. पण ते एक खरे असावे लागते आणि माहिती सत्य असल्याचे प्रतिज्ञेवर सांगावे लागते. अनेक मालक मिळून संयुक्त दावाही करू शकतात. मग प्रत्येकाचे नाव यादीत हवे. प्रतिनिधी दावा करत असेल तर त्याच्याकडे मालकाचे अधिकारपत्र हवे.

इतका सोपा अर्ज आणि तरीही या टप्प्यावर अनेकांचे पैसे जातात. कारण साधे आहे: आपला कार्यक्रम कोठे पोहोचला हे मालकाला कोणी कळवत नाही. निधी जमतो तो मालकाची वाट न पाहता आणि मुदत संपते तीही त्याची वाट न पाहता. ज्याने जुलैत दावा केला नाही, त्याचा त्या वर्षाचा हक्क गेला. त्याच्या वाट्याचे पैसे केबलचालकाकडे परत जात नाहीत. दावा केलेल्या इतरांत वाटले जातात. आळसाची किंमत इतक्या थेट रीतीने शेजाऱ्याच्या खिशात जाण्याचे उदाहरण कायद्यात क्वचितच सापडेल.

दावा दाखल झाला म्हणजे पैसे मिळाले, असेही नाही. बोर्ड पुढे वाटपाची कार्यवाही सुरू करते, तेव्हा सहभागाचा अर्ज वेगळा करावा लागतो आणि त्याचे शुल्क १५० डॉलर आहे. कार्यवाहीचे टप्पे दोन. पहिल्यात मोठे गट आपापसांत वाटे ठरवतात: चित्रपट व मालिकांचे निर्माते, खेळांच्या संघटना, व्यापारी केंद्रे, सार्वजनिक दूरचित्रवाणी, धार्मिक कार्यक्रमांचे निर्माते, कॅनडाचे दावेदार आणि संगीताच्या संस्था. दुसऱ्यात प्रत्येक गटाच्या पोटात मालकामालकांचे वाटे ठरतात. तडजोड झाली तर उत्तम. झाली नाही तर साक्षीपुरावे.

वाटा कशावर ठरवायचा

पहिल्या वर्षाच्या, म्हणजे १९७८ च्या निधीचे वाटप तेव्हाच्या कॉपीराइट रॉयल्टी ट्रायब्युनलने केले. चित्रपट-मालिकांच्या निर्मात्यांना ७५ टक्के, खेळांना १२, सार्वजनिक दूरचित्रवाणीला ५.२५, संगीताला ४.५ आणि व्यापारी केंद्रांना ३.२५ टक्के. त्यावर लगेच अपिले झाली आणि तेव्हापासून भांडणाचा मुद्दा तोच आहे: कार्यक्रमाची किंमत म्हणजे काय?

निर्माते म्हणतात, किती लोकांनी किती वेळ पाहिले ते मोजा. या मापाने चित्रपट आणि जुन्या मालिका जिंकतात, कारण पडद्यावरचे तास त्यांचेच जास्त. खेळांच्या संघटना म्हणतात, पाहणारा प्रेक्षक पैसे भरत नाही, केबलचालक भरतो. तेव्हा त्याला विचारा. बेसबॉलचा एक सामना महिन्यातून काही तास लागत असेल, पण त्याच सामन्यासाठी ग्राहक वर्गणी चालू ठेवतो आणि चालकाला तेच महत्त्वाचे. म्हणून त्यांच्या वतीने केबलचालकांची पाहणी होते. दूरच्या केंद्रांवरील कार्यक्रमांसाठी तुमच्याकडे ठरावीक रक्कम असती तर ती कोणत्या प्रकाराला किती दिली असती, असा प्रश्न त्यांना विचारला जातो. अलीकडे तिसरे माप आले आहे. चालकांनी प्रत्यक्षात भरलेली रक्कम आणि त्यांनी आणलेल्या केंद्रांवरील कार्यक्रमांच्या मिनिटांची संख्या यांचा संबंध संख्याशास्त्राने काढायचा. २०१० ते २०१३ या चार वर्षांच्या निधीची गटवार वाटणी करताना बोर्डाने या पद्धतीला बरेच वजन दिले. ती वाटणी ठरायला २०१८ साल उजाडले.

म्हणजे २०१० मध्ये दाखवलेल्या कार्यक्रमाचा अंतिम हिशेब आठ वर्षांनी. मधल्या काळात मालकांनी काय करायचे? त्यासाठी अंशतः वाटपाची सोय आहे. प्रमुख दावेदारांना मोठा भाग आगाऊ मिळतो. पुढे वाटा कमी ठरला तर जास्तीचे व्याजासह परत करण्याची लेखी हमी द्यावी लागते. लहान मालकाला हा काळ अधिक जड जातो. म्हणून बहुतेक लहान निर्माते एखाद्या प्रतिनिधी संस्थेला टक्केवारीवर काम देतात. यातही धोके आहेत. नव्वदीच्या दशकात अशाच एका प्रतिनिधीने काल्पनिक कंपनीच्या नावाने दुसऱ्याच्या मालकीच्या मालिकांचे दावे दाखल करून पैसे उचलले होते. २००२ मध्ये त्याला न्यायालयात टपाल-फसवणुकीचा गुन्हा कबूल करावा लागला. एकाच कार्यक्रमावर दोन प्रतिनिधींनी दावा सांगण्याचे प्रसंग तर नेहमीचे आहेत. अशा वेळी निकाल लागतो तो करारांच्या कागदांवर. कोणत्या प्रदेशासाठी, कोणत्या वर्षासाठी आणि कोणता हक्क दिला, हे वितरणाच्या करारात स्पष्ट नसेल, तर निर्माता आणि वितरक दोघेही रिकाम्या हाताने बाहेर पडू शकतात.

येथे आणखी एक भेद सांगून ठेवला पाहिजे. १९९२ च्या केबल कायद्याने अमेरिकेतील केंद्रांना आपला संकेत दाखवू देण्यासाठी केबलचालकाकडून मोबदला मागण्याचा अधिकार दिला. वृत्तपत्रांत गाजणारी केंद्रे आणि केबल कंपन्यांची भांडणे त्याच मोबदल्याची असतात. तो पैसा पहिल्या थराचा, संकेताचा. जुलैच्या दाव्यांशी त्याचा संबंध नाही.

एका महिन्याऐवजी तीन वर्षे

युरोपने दुसरा मार्ग घेतला. त्याची पार्श्वभूमी एका चित्रपटाची आहे. क्लोद शाब्रोल यांच्या ‘ल बूशे’ या चित्रपटाचे बेल्जियममधील हक्क सिने व्होग या कंपनीने घेतले होते आणि चित्रपटगृहांतील प्रदर्शनानंतर ठरावीक काळ तो दूरचित्रवाणीवर दाखवायचा नाही, अशी अट होती. जानेवारी १९७१ मध्ये जर्मन दूरचित्रवाणीने तो दाखवला. सीमेपलीकडच्या लहरी बेल्जियमच्या कोदितेल या केबल कंपनीने पकडल्या आणि ग्राहकांना चित्रपट घरबसल्या मिळाला. सीमाभागात राहणाऱ्यांना लहरी सीमा पाळत नाहीत हे सांगावे लागत नाही. बेळगावच्या गच्चीवरच्या अँटेनांना ते नेहमीच ठाऊक होते. युरोपीय न्यायालयाने १९८० मध्ये सांगितले की सेवांच्या मुक्त संचाराच्या तत्त्वामुळे हक्कधारकाची बंदी निष्फळ होत नाही. म्हणजे केबल कंपन्यांना परवानगी घेणे भाग पडले. पुढच्याच वर्षी जिनिव्हात निर्मात्यांनी आजिकोआ ही संस्था स्थापली, जी केबल कंपन्यांशी एकत्रित करार करते आणि आपल्या यादीत नोंदवलेल्या चित्रपटांच्या प्रक्षेपणानुसार पैसे वाटते.

१९९३ च्या युरोपीय निर्देशाने ही पद्धत सक्तीची केली. केबल पुनःप्रक्षेपणाचा हक्क मालकाने एकट्याने वापरायचा नाही. तो संस्थेमार्फतच वापरायचा. कोणत्याही संस्थेचा सभासद नसलेल्या मालकाचा हक्क त्याच प्रकारच्या कृती सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे असे मानले जाते आणि त्याला आपला वाटा मागण्यासाठी पुनःप्रक्षेपणापासून किमान तीन वर्षांची मुदत मिळते. अमेरिकेतील एका महिन्याशी तुलना केली तर हा फरक लहान नाही. २०१९ च्या निर्देशाने केबलपलीकडच्या, इंटरनेटच्या बंदिस्त जाळ्यांवरून होणाऱ्या पुनःप्रक्षेपणालाही हे तत्त्व लागू केले.

कॅनडात १९९० पासून दूरच्या केंद्रांसाठी दर ग्राहकामागे मासिक आकार असतो; मोठ्या चालकांसाठी तो आरंभी ७० सेंट होता. दर कॉपीराइट बोर्ड ठरवते आणि वाटप निर्मात्यांच्या वेगवेगळ्या संस्था करतात. ऑस्ट्रेलियात २००१ पासून स्क्रीनराइट्स ही संस्था हे काम पाहते.

भारतात काय

भारतात असा सामायिक निधी नाही. १९५७ च्या कायद्यात उपग्रह किंवा केबलवरून अनेक घरांत एकाच वेळी कृती पोहोचवणे हे ‘लोकांपर्यंत प्रसारण’ मानले आहे. त्यात हॉटेलच्या आणि वसतिगृहाच्या राहत्या खोल्याही येतात. ३७ वे कलम प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेला २५ वर्षांचा स्वतंत्र हक्क देते. केबल नियमांनुसार मालकाच्या परवान्याशिवाय चालकाला कार्यक्रम दाखवता येत नाही. पण व्यवहारात सशुल्क वाहिनी केबलचालकाशी करार करते आणि निर्मात्याचे पैसे वाहिनीने त्याच्याशी केलेल्या करारात आधीच गुंडाळलेले असतात. म्हणजे येथे दावा बोर्डापुढे नव्हे, तर करारावर सही करतानाच करावा लागतो.

जेथे करार नसतो आणि कायदाच पुनःप्रक्षेपणाची सक्ती करतो, तेथे मात्र वाद होतो. दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणे केबलचालकांना बंधनकारक आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा संकेत प्रसार भारतीला देणे २००७ च्या कायद्याने हक्कधारकांना बंधनकारक केले. दोन सक्ती एकत्र आल्या आणि कोट्यवधी रुपये मोजून घेतलेले क्रिकेटचे सामने दूरदर्शनवरून खासगी केबलवर फुकट दिसू लागले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की हा संकेत प्रसार भारतीने स्वतःच्या भूस्थित आणि घरपोच उपग्रह सेवेवरच वापरावा. खासगी केबलचालकांसाठी नाही.

मराठी लेखक, गीतकार आणि संगीतकारांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे २१ जून २०१२ पासून अमलात आलेली दुरुस्ती. चित्रपटातील साहित्यकृती किंवा संगीतकृती चित्रपटगृहाखेरीज अन्य प्रकारे वापरली गेली, तर येणाऱ्या रॉयल्टीत लेखकाचा समसमान वाटा राहतो आणि तो वाटा करारानेही सोडून देता येत नाही. वारसांना किंवा नोंदणीकृत स्वामित्वहक्क संस्थेलाच देता येतो. दूरचित्रवाणी हा चित्रपटगृहाखेरीजचाच वापर आहे. ‘सर्व हक्क कायमचे दिले’ या ओळीखाली सही झालेली असली, तरी तेवढ्याने हा वाटा संपत नाही.

तो हाती येण्याचा रस्ता मात्र नोंदणीतून जातो. गीतकार-संगीतकारांसाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था २०१७ पासून पुन्हा नोंदणीकृत आहे आणि तिचे परदेशी संगीतसंस्थांशी परस्पर करार आहेत. कोणत्या कार्यक्रमात कोणाचे संगीत किती सेकंद वाजले याचा तक्ता, ज्याला व्यवसायात क्यू शीट म्हणतात, निर्मात्याने भरून दिलेला नसेल, तर परदेशातून आलेला पैसा कोणाच्या नावावर टाकायचा हेच संस्थेला कळत नाही. शीर्षकाचे रोमन लिपीतील स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिणे, हे मराठी कृतींचे पैसे अडकण्याचे एक अगदी क्षुल्लक पण खरे कारण ठरू शकते.

परदेशस्थ मराठी कुटुंबे ज्या मराठी वाहिन्या वर्गणी भरून पाहतात, त्या कराराने दाखवल्या जातात. अमेरिकेच्या १११ व्या कलमाखाली त्या येत नाहीत. पण एखादा मराठी चित्रपट तेथील हवेतून प्रक्षेपण करणाऱ्या केंद्राने दाखवला आणि केबलने तो दुसऱ्या प्रदेशात नेला, तर त्याच्या मालकाचा दावा इतर कोणाइतकाच ग्राह्य असतो. त्यासाठी निर्यातीच्या करारात केबल पुनःप्रक्षेपणाची रॉयल्टी कोणाकडे राहील, याचे एक वाक्य असणे आवश्यक आहे. तसे वाक्य नसले की परदेशी वितरक ती आपली समजून चालतो.

लेखकाच्या निधनानंतर भारतात साहित्यकृतीचा हक्क ६० वर्षे टिकतो. या काळात रॉयल्टी वारसांकडे जाते. पण त्यासाठी वारसाची नोंद संस्थेकडे झालेली असावी लागते, आणि ती वारसानेच मृत्यूचा दाखला व वारसाहक्काचे कागद देऊन करून घ्यायची असते.